वीतभर गाळ

टाकीवाला : आणखी मागे व्हा, ताई. संडासाच्या टाकीचं झाकण उघडलंय. आतल्या वायूनं माणूस जागच्या जागी आडवा होतो.

बाई : बरं.

टाकीवाला : तुंबली कधी?

बाई : माहीत नाही. शेजारीण सांगत आली, तुमचं पाणी आमच्या फाटकाशी येतंय. मग बघितलं.

टाकीवाला : वास नाही आला?

बाई : आला असेल.

टाकीवाला : हा बांबू बघा. तळाला गाळ बसायला हवा, वर साय धरायला हवी, मधलं निवळ पाणी पुढं शोषखड्ड्यात जायला हवं. इथं नुसता राडा. बायको म्हणते, निदान जेवताना तरी साय म्हणू नका. पण दुसरा शब्दच नाही हो.

बाई : हं.

टाकीवाला : टाकीतले जंतू गाळ खाऊन कमी करतात. तुमचे मेलेत. फिनेल किती ओतता?

बाई : सकाळ-संध्याकाळ. ब्लीचिंग पावडरही. नवऱ्याला अंथरुणातून उठता येत नव्हतं. भांडं मीच रिकामं करायचे.

टाकीवाला : औषधं?

बाई : दोन वर्षं. जंतू मारायचीच. ते गेले त्या दिवशी उरलेली सगळी संडासात ओतली. नजरेसमोर नकोत म्हणून.

टाकीवाला : कधी गेले?

बाई : एकोणीस दिवस झाले.

टाकीवाला : आणि फिनेल?

बाई : आज सकाळीही ओतलं. हात जातोच. काका, सगळं उपसून न्या. खरवडून धुवा. थेंब ठेवू नका.

टाकीवाला : वीतभर गाळ ठेवावा लागतो, ताई. सगळेच जंतू मेलेले नसतात. थोडे तग धरून असतात तळाशी. तेही नेले तर टाकी लवकर काम धरत नाही.

बाई : दोन वर्षं तेच धुतेय मी. तुम्ही परत त्यातलंच ठेवून जाणार?

टाकीवाला : थोडंसंच.

बाई : मला रडू आलं नाही. लोक येतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात. कंटाळून उठून जातात.

टाकीवाला : माझी आई गेली, त्याच दुपारी मी दोन टाक्या उपसल्या. लोक म्हणाले, काळीज आहे का दगड? मला काही कळतच नव्हतं.

बाई : मग कधी कळलं?

टाकीवाला : बऱ्याच दिवसांनी. तिच्या चपला शिवायला टाकल्या होत्या. त्या आणायला गेलो, तेव्हा.

बाई : ...ठेवा. वीतभर ठेवा.

(गाळ ओढणाऱ्या गाडीची मोटार बराच वेळ चालते. मग थांबते.)

टाकीवाला : झालं. आता फिनेल बंद. नुसतं पाणी वापरा. आंघोळ, धुणं, भांडी. घर वापरात राहिलं की टाकी आपोआप चालायला लागते.

बाई : भांडी पडतच नाहीत. शेजारीण डबा देते, तो तसाच परत जातो.

टाकीवाला : हं. हात धुवायला बाहेरचा नळ कुठंय?

बाई : बाहेर कशाला? आत या, बेसिनवर धुवा. चहा टाकते. दोन कप तरी पडतील घासायला.