वडप्याचं जड पाणी

तुम्ही हसाल, पण माझ्या पीएचडीतली सगळ्यात मोठी चूक वडपे गावातल्या एका काकींनी पकडली. म्हणजे केलीही त्यांनीच.

पावसाच्या पाण्यात जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजन किंवा जड ऑक्सिजन असलेले रेणू, किती, यावरून तो पाऊस थेट समुद्रातून आला की जंगलाने परत सोडलेल्या वाफेतून, हे मी शोधत होतो. ओळखीच्या या काकींच्या गच्चीवर मी नरसाळं लावलं होतं. पाऊस पडला की काकी बाटली भरून, बूच घट्ट लावून मला मिस्ड कॉल द्यायच्या.

जंगलाच्या वाफेत जड पाणी समुद्राच्या वाफेपेक्षा जास्त असतं, आणि परतीच्या पावसाचं पाणी भलतंच जड निघालं. मी सरांना छातीठोकपणे सांगितलं, "हा पाऊस पूर्वेकडच्या जंगलांवरून आलाय, सर. ही जंगलाचीच वाफ."

सर म्हणाले, "असेल. पण आधी बाटली कुणी भरली, त्यांना विचारून ये."

गेलो. "काकी, बाटलीतल्या पाण्याला काही केलंत का?"

"न्हाय रे. निसतं उकळलं. चांगलं अर्धं होईपर्यंत."

उकळताना हलकं पाणी आधी उडतं आणि जड मागे राहतं. माझं जंगल काकींच्या गॅसवर उगवलं होतं.

"पण उकळलंत कशाला?"

"गावात कावीळ चाललीय. कच्चं पाणी दुसऱ्याच्या घरी कसं धाडायचं?"

"ते प्यायला नव्हतं, काकी. मशीनमध्ये घालायचं होतं."

काकींनी चहाचा कप पुढे सरकवला. "मंग मशीनला कळलं, उकळलंय ते?"

"कळलं."

"मंग मशीन शहाणी हाय. तुलाच न्हाय कळलं."