चार कोसांची ओवी

(भरदुपार. देवमनच्या लेकीची, वच्छलाची, हळद उद्या दळायची म्हणून जातं धुऊन ठेवलेलं. जात्याशी देवमन आणि त्याची भावजय पंचफुला.)

देवमन : नाही म्हन्लं ना वैनी! उद्या माह्या पोरीची हळद हाय, मयत नाही. शालूची ओवी म्हनाची नाही.

पंचफुला : मंग काय म्हनू? दीक्षा घेऊन आले अन् तुमीच म्हन्ले, देवायचं नाव आता जात्यावर नाही.

देवमन : बुद्धाच्या ओव्या म्हना.

पंचफुला : शिकून राहिलो. दोनच येतात. पायलीभर हळद दोन ओव्यात दळल्या जाते का? देवाची जागा रिकामी झाली, तिथं माही मेलेली पोरगी ठेवली. बरोबर बसली.

देवमन : दोन वर्सं झाले! लग्नाघरी बाया रडतीन. पाव्हने काय म्हनतीन?

पंचफुला : पाव्हन्यायले पुढं करू नोका. तुमालेच आयकवत नाही. गान्यात गाडी आली, का तुमी चपला घालता.

देवमन : मंग काय बसू? 'ताप भरला शालूले, गाडी देईना कोनी गं.' मी देव्हारा फेकाले लावला, म्हून गावानं आपल्याले गाड्या बंद केल्या. म्हून पोरगी गेली. सरळ तोंडावर म्हना ना!

पंचफुला : सहा-सहा बैलगाड्या दारात उभ्या ठेवून बसले होते हलकट. त्यायची मस्ती तुमी काहून आपल्या डोक्यावर घेता? दीक्षा मी बी घेतली. आजबी घेईन.

देवमन : मंग गान्यात थे काहून...

पंचफुला : गान्याचं तुमाले काय मालूम? तुमी गाडीवरच उठता. पुढं धामनगावच्या डाक्तरापावतर चार कोस हायेत. शालू काकाच्या पाठीवर हाय. काका नाल्यात पडते, गुडघे फोडून घेते. पोरीले चिखल लागू देत नाही.

देवमन : ...थे बी म्हनता?

पंचफुला : पयल्या दिवसापासून.

देवमन : वैनी, एक गोष्ट कोनालेच सांगतली नाही. पोरगी तिसऱ्या कोसालेच गेली होती. मान पडली माह्या खांद्यावर. मले समजलं होतं.

पंचफुला : मी मांगून तिचे पाय धरून होतो, भाऊजी. थंडे पडले होते.

देवमन : म्हना उद्या. पन तिसऱ्या कोसावर थांबा. चौथा नोका गाऊ.

पंचफुला : तुमी थांबले होते का?