डोक्यावरचं आभाळ

हिला कशाला वर आणती गं दरवेळी, ही काय तोंड उघडती व्हय, असं शेळ्या राखणारी गंगूमावशी वैशालीला म्हणाली, आणि मी तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मी गप्प असते म्हणून लोकांना वाटतं मला ऐकूही येत नसणार. वैशाली हसली, म्हणाली, असू दे की मावशी, सोबत हाय मला. सोबत. काय सांगू तुम्हाला, तो शब्द मला झोंबला, कारण त्या सकाळी डोंगरावर जेवढे गरुड मोजले होते ते सगळे आधी मी पाहिले होते.

आम्ही मूळचे गारगोटीकडचे. वडील टेलिफोन खात्यात लागले म्हणून कोल्हापुरात आलो, आणि मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, गल्लीत इंग्लिश शब्द निघाला की पोरं हसायची, मग मी दोन्हीकडं गप्प बसायला शिकले. बघायला मात्र कुणाची बंदी नव्हती, म्हणून मी बघत राहिले. वैशाली माझी आत्येबहीण, माझ्याच वयाची, आत्याचं घर गावात विहाराच्या मागं. कॉलेजात होते तेव्हा थंडी संपली की मी शनिवार-रविवार तिच्याकडं जायचे, कारण तिच्या शाळेतले रिटायर झालेले सर आम्हाला डोंगरावर पक्षी मोजायला न्यायचे. गरुड, ससाणे, भोवत्या, असे शिकारी पक्षी हिवाळा इकडं काढून उत्तरेला परत जातात, डोंगराच्या धारेनं, उन्हाच्या वाफेवर चढत चढत. आम्ही दक्षिणेला तोंड करून बसायचो आणि येतील तसे मोजायचो.

सरांचा एक नियम होता, पुकारल्याशिवाय पक्षी मोजणीत धरायचा नाही. ज्याला दिसेल त्यानं मोठ्यानं खूण सांगायची, पाण्याच्या टाकीवर एक, वडाच्या डावीकडं दोन, नवीन मोबाईल टॉवर झाला होता त्याच्यावर तीन, मग सर दुर्बीण तिकडं वळवायचे, कोण आहे ते ओळखायचे आणि मगच वहीत मांडायचे. नुसतं मनात बघितलेलं आभाळातच राहतं पोरी, असं ते मला म्हणायचे. आणि माझा आवाजच निघायचा नाही. टाकीवर, एवढं म्हणायचं, पण सगळे आपल्याकडं वळतील म्हणून जीभ टाळूला चिकटायची. पहिल्या वर्षी वैशालीच म्हणाली, सुजे, तू बघ, मी वरडतो. चांगल्या मनानंच म्हणाली ती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी तिच्या कानात सांगायचे आणि ती असं ओरडायची की खालच्या उसातली माणसं वर बघायची. मग सगळा गाव म्हणू लागला, वैशालीची नजर लई तेज हाय. सरही म्हणू लागले. ती कधी नको म्हणाली नाही, आणि हो, ते माझं आहे, असं मीही म्हणाले नाही.

तिचं लग्न होऊन आता कुरुंदवाडला बांगड्यांचं दुकान आहे. फोन आला की मी अजून कानापासून लांब धरते. तिच्या आवाजाचा मला अजून हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

पण गंगूमावशी बोलली त्या वर्षी हा हेवा जास्तच होता. सरांचे गुडघे गेले होते, पुढच्या वर्षी चढणं होणार नाही म्हणाले, तेव्हा दुर्बीण आणि डोंगर तुमच्यातल्या एकीकडं देऊन टाकतो. दुर्बीण एकच होती, काळी, जड, पट्ट्याला सरांच्या बायकोनं सुतळी शिवलेली. एकीकडं म्हणताना ते वैशालीकडं बघत होते. मला ती दुर्बीण इतकी हवी होती की रात्री हाताला तिचं वजन जाणवायचं.

तर गंगूमावशी गेली, आणि मी ठरवलं, आता कानात काही सांगायचं नाही. वडावर एक भोवत्या आला, मी गप्प. टाकीवर ससाणा, गप्प. वैशालीनं दोनदा माझ्याकडं बघितलं, मग तिचं तिनं ओरडून टाकलं, देवळावर गरुड! सरांनी दुर्बीण लावली, म्हणाले, अगं ती घार आहे, रोजची, खाटकाच्या दुकानावरची. वैशाली खो खो हसली. मला बरं वाटलं, आणि ती हसली म्हणून परत वाईट वाटलं, तिला लाजसुद्धा येत नव्हती. मी कातळावर आडवी झाले, ओढणी तोंडावर ओढली, उन्हाचं निमित्त.

ओढणी निळी, पातळ. तिच्यातून आभाळ मऊ दिसत होतं, डोळे दिपत नव्हते. आणि बरोबर आमच्या डोक्यावर, फार उंच, बारीक ठिपके गोल फिरत होते. पंख न हलवता. एक गोल, त्याच्यावर दुसरा, शेवटचे तर दिसेनासे. गरुडच. सगळे दक्षिणेकडं डोळे लावून बसले होते आणि ते वरून निघून चालले होते, आम्ही आल्यापासून जात असतील, कुणास ठाऊक. डोक्यावर काही खूणच नव्हती, ना टाकी ना वड.

मी वैशालीचा हात धरला, सवयीनं. ती वाकली, माझं तोंड बघितलं, आणि हात सोडवून घेतला. हळू म्हणाली, दिसतंय न्हवं तुला? मग तूच सांग. सकाळपास्नं माझ्यावर फुगलियास, मला कळंना व्हय? मी न्हाय वरडणार आज.

आणि ती खरंच दक्षिणेकडं तोंड करून बसली. मी सरांकडं बघितलं, ते टॉवरवर दुर्बीण लावून बसलेले. वरचे गोल सुटत चालले होते, एकेक गरुड रांगेत लागून उत्तरेला घसरत होता. अजून थोडा वेळ, आणि ते कुणीच पाहिलेले नसणार.

मी उठून उभी राहिले, ओढणी गळ्यात, आणि माझ्या तोंडून शाळेतलं इंग्लिश नव्हे, आत्याच्या दारातलं मराठी निघालं, इतक्या जोरात की खाली शेळ्या थांबल्या.

सर, वर बघा की! डोक्यावर! गरुड हाईत, लई हाईत! आन् ती दुर्बीण हिकडं द्या, मला पायजे ती!