विरघळत चाललेली माय

माझं कुणी ऐकलंच नाही. बोदवडला माहेरी गेले, तर मायच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी लगेच धाकट्या भावाला फोन लावला. प्रभाकर जळगावला मराठीचा मास्तर आहे.

"प्रभाकर, माय विरघळत चालली. गाडी पाठव, दवाखान्यात नेऊ."

तो हसला. "अक्का, साखर विरघळते, गूळ विरघळतो. माणूस खंगतो. चौथी शिकलीस, शब्द तरी नीट वापर. आणि म्हातारपणी अंग उतरतंच."

गाडी काही आली नाही. पोळ्याच्या आधी माय गेली.

गंधमुक्तीच्या दिवशी मांडवात प्रभाकरनं माईक घेतला अन् स्वतः लिहिलेली कविता वाचली. "माय, भाजीतल्या मिठासारखी तू आमच्यात विरघळत गेलीस." बायांनी डोळ्यांना पदर लावले.

मी उठले. "आता माणूस विरघळतो का रे?"

"अक्का, कवितेत चालतं ते. दुसऱ्यासाठी झिजणं, असा अर्थ असतो त्याचा."

"मी हाच शब्द बोलले, तेव्हा ती जिवंत होती."

मग आमचे चुलते नाना बोलले, "भांडू नका. तिनं तरी कधी सांगितलं का, दुखतंय म्हणून? विचारलं की म्हणे, मले काई नही झालं."

सगळ्यांनी माना हलवल्या. प्रभाकरनंही हलवली. पंगती बसल्या. अन् चूक ठरली ती हार घातलेल्या फोटोतल्या मायची, यशोदाबाईची.