रेडिओवर न लागलेली ओवी

पोलीस ठाणे आटपाडी, जिल्हा सांगली
मनुष्य मिसिंग प्रकरणी पुरवणी जबाब
दिनांक १९ फेब्रुवारी २०२५

नाव पप्पू आप्पासो लेंगरे, वय ३८ वर्षे, धंदा गजी ढोलवादन व शेती, राहणार बिरोबाचा माळ, तालुका आटपाडी.

मी आज ठाण्यात स्वतःहून येऊन, जे विचारले ते आणि जे मागच्या वेळी विचारूनही सांगितले नाही तेही, खालीलप्रमाणे सांगतो की,

मी वरील ठिकाणी आई सुलाबाई, पत्नी सोनम व वडील आप्पासो बाळू लेंगरे, वय ७१, यांच्यासोबत राहतो. आमची थोडी जिरायत जमीन व काही शेळ्या आहेत. गावात आमचे गजी मंडळ, म्हणजे ढोलावर नाचणाऱ्या धनगरांचे मंडळ, असून त्यात मी मुख्य ढोल वाजवतो. जत्रा, लग्ने, मिरवणुका यांच्या सुपाऱ्या आम्ही घेतो. घर त्यावरच चालते.

माझे वडील धनगरी ओवी गात असत. पुढे म्हणणारा एक आणि मागून झेलणारे बाकीचे, अशी ती पद्धत आहे. पुढचा आवाज वडिलांचा असे. खरसुंडी, आरेवाडी येथील जत्रांना त्यांना बोलावून नेत. लहानपणी मी माणदेशात कोठेही गेलो तरी आप्पा ओवीवाल्याचे पोरगे एवढे सांगितले की पुरे होई. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याला गाठ आली, ती मिरजेत काढली. गाठ साधी निघाली, परंतु आवाज गेला. बोलणे घोगरे येते, जवळ बसल्याशिवाय समजत नाही. तेव्हापासून त्यांनी गाणे सोडले. मंडळाचा सराव सुरू झाला की ते शेळ्या घेऊन माळावर निघून जात. कोणी आग्रह केलाच तर "नरड्यात खडं भरल्यात गड्या," एवढेच म्हणत.

गेल्या मार्गशीर्षात विट्याकडची सुपारी करून येताना आमचा टेम्पो ओढ्याच्या वळणावर उलटला. कोणाच्या जिवाला काही झाले नाही. ढोल फुटले आणि माझे डावे मनगट मोडले. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितले की आत प्लेट घालावी लागेल, नाहीतर बोटे पुरती वळणार नाहीत. आमच्या ढोलाला उजवीकडे टिपरू आणि डावीकडे उघड्या हाताची थाप लागते. ती थाप गेली तर मला दुसरे काही येत नाही. अडचणीतल्या कलावंतांना तातडीची मदत देणारी एक संस्था पुण्यात असल्याचे सोनमला मोबाईलवर समजले. संस्थेचे नाव मी तपासी अंमलदारांना दिले आहे. मी अर्ज केला. सोबत व्हिडिओ मागितला होता, म्हणून प्लास्टरमधला हात व फुटलेला ढोल दाखवून मी बोललो तो व्हिडिओ पाठवला.

काही दिवसांनी संस्थेच्या समीक्षा मॅडम यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "पप्पूदादा, अर्ज खूप आलेत हो. तुमचं नाव प्रतीक्षेत ठेवलंय. खरं सांगू का, व्हिडिओत तुम्ही हसताय." मी म्हणालो, सवय आहे, वाजवताना हसतमुख राहायचे असते. त्या म्हणाल्या, "बघणाऱ्याला आतून काहीतरी वाटायला हवं ना. घरात आणखी कुणी कलाकार आहे का? सगळ्या घराची परिस्थिती दाखवा." त्यांनी मला खोटे काही करायला सांगितले नाही. हे मी मुद्दाम नोंदवण्यास सांगत आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी मी वडिलांना म्हणालो, "आबा, रेडिओवाल्यांस्नी तुमची ओवी पायजे हाय. मोबाईलवर काडून पाठवायची."

ते म्हणाले, "माजी? कोन म्हनलं?"

"पुण्याच्या बाई हायत्या."

"नरडं गेलंय म्हनून सांगितलंस न्हवं त्येंला?"

"सांगितलं. जसा हाय तसा आवाज पायजे म्हनत्यात."

यातल्या पुण्याच्या बाई तेवढ्या खऱ्या होत्या.

त्यानंतर वडील रोज सकाळी ओवा चघळत माळावर जाऊ लागले. शेळ्या चरत असताना ते तिकडे गुणगुणतात असे आईने मला सांगितले. ठरलेल्या दिवशी त्यांनी दाढी केली, धुतलेले धोतर नेसले, तांबडा पटका बांधला आणि नीट बसला आहे का ते सोनमला विचारले. अंगणात घोंगडे टाकून ते बसले. मोबाईल सोनमने धरला होता.

पहिल्या दोन ओव्या स्वच्छ आल्या. पूर्वीसारख्या भरदार नव्हत्या, पण सुरात होत्या. आई चुलीपुढची उठून पिठाच्या हाताने दारात येऊन उभी राहिली. वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आले. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आला की रं!" तिसऱ्या ओवीला आवाज फाटला. खोकला आला, दम लागला. त्यांनी थांब म्हणून हात आडवा केला आणि हसून पाणी मागितले.

त्यातला पाणी आलेला चेहरा, फाटलेला आवाज आणि आडवा हात एवढे मी ठेवले. बाकीचे कापले. खाली मोबाईलमध्ये मिळते तसले सनईचे दुःखी संगीत लावले. हे कापण्याचे काम मी आधी सोनमला सांगितले होते, तिने केले नाही. ती म्हणाली, "आवं, पयल्या दोन ऱ्हाऊ द्या की. मामा लय चांगलं म्हनल्यात."

मी तिला म्हणालो, "चांगलं म्हनल्याल्याला कोन मदत करतंय?"

तिने मोबाईल माझ्यापुढे ठेवला व ती आत गेली.

व्हिडिओ पाठवल्यावर समीक्षा मॅडमचा लगेच फोन आला. त्यांना बोलताना रडू येत होते. हा व्हिडिओ देणगी देणाऱ्या लोकांना दाखवला तर चालेल का, आजोबांची हरकत नाही ना, असे त्यांनी विचारले. मी हरकत नाही असे सांगितले. वडिलांना मी विचारले नव्हते. मदत मंजूर झाली.

इकडे वडिलांनी घरातला बंद पडलेला रेडिओ आटपाडीच्या बाजारात दुरुस्त करून आणला. देवळापुढे बसणाऱ्या मंडळींना सांगितले. वाईकडे मेंढरे घेऊन गेलेली माझी आत्या चंद्राबाई हिला फोन लावायला लावून तिलाही ऐकायला सांगितले. जेवायला बसले की मला विचारत, "कवा लागनार हाय रं?" मी म्हणत असे, "तारीख कळवत्यात." आई माझ्या तोंडाकडे बघत असे. तिला सोनमने सांगितले असावे. माझ्यापुढे ती कधी बोलली नाही.

पुढे माझे ऑपरेशन सांगलीत झाले. आई व सोनम माझ्याजवळ होत्या. घरी वडील एकटे होते. मी दवाखान्यात असतानाच संस्थेने तो व्हिडिओ सर्वांना दिसेल असा लावला. आमच्या शेजारचे भाऊसो मोटे यांच्या मोबाईलवर तो आला. भाऊसो यांनी चांगल्या मनाने तो देवळापुढे वडिलांना दाखवला. "आप्पा, तुमी लय फेमस झालाय," असे म्हणून त्यांनी मोबाईल हातात दिला. खाली लोकांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या होत्या आणि बिचारे आजोबा, देवा यांना बळ दे, असे पुष्कळ लिहिले होते. ते भाऊसो यांनी मोठ्याने वाचले. वडिलांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग, "ह्येच्या आदीचं कुटं गेलं?" असे विचारले. भाऊसो यांना प्रश्न कळला नाही. वडील उठून घराकडे गेले. दुसऱ्या दिवशी शेळ्या गोठ्यात ओरडत होत्या म्हणून भाऊसो आमच्या घरी गेले, तेव्हा वडील नव्हते. हा सर्व प्रकार मला भाऊसो यांनी रडत सांगितला. त्यांचा यात काही दोष नाही.

मी दवाखान्यातून घरी आल्यावर नातेवाईकांकडे, बसस्टँडवर, विहिरींवर शोध घेतला. विहिरीत गळ टाकणाऱ्यांबरोबर मी स्वतः होतो. नंतर या ठाण्यात येऊन खबर दिली. त्यावेळी मी लिहून दिले की घरात कोणताही वाद नाही आणि वडील कशामुळे गेले ते मला माहीत नाही. यातले पहिले खरे होते. आत्याला फोन केला असता तिने आप्पा इकडे आला नाही असे सांगितले होते.

परवा आत्याचाच फोन आला. ती म्हणाली, "पप्या, आप्पा हितंच हाय. सांगू नगंस म्हनून माज्या गळ्याची आन घातली हुती. पर मला ऱ्हावंना बाबा." मी ठाण्यात कळवले व हवालदारांसोबत वाईला गेलो.

वाईच्या अलीकडे, ऊस निघालेल्या एका रानात आत्याची मेंढरे खतासाठी बसवली आहेत. वडील बांधावर बसून मेंढरांभोवती लावायच्या जाळीला गाठी मारत होते. अंगावर काही दुखापत नव्हती. दाढी वाढलेली होती. मला बघून ते उठले नाहीत. मी जवळ जाऊन बसलो.

ते म्हणाले, "हात दाव."

मी दाखवला. त्यांनी मनगट धरून एकेक बोट दाबून बघितले.

"वळत्यात?"

"वळत्यात."

"मंग झालं."

मी म्हणालो, "आबा, रेडिओचं मी खोटं बोललो."

ते म्हणाले, "त्ये कळलं मला." थोडा वेळ त्यांनी गाठी मारल्या. मग म्हणाले, "खोटं बोललास त्येचं काय न्हाई. हातासाटी बोललास. मला इचारलं आसतंस तर खोटं रडून पन दावलं आसतं तुज्यासाटी. पर आल्याला आवाज का रं कापलास?"

मी जाळीचे दुसरे टोक धरले.

त्यांनी विचारले, "त्या दोन हायत्या का तुज्याकडं?"

मी म्हणालो, "न्हाईत. मोबाईल भरला म्हनून पुसल्या."

हवालदारांनी घरी चला म्हणून त्यांना समजावले. आत्यानेही सांगितले. मी पाया पडलो. ते म्हणाले, "तितं आता समदी माज्या तोंडाकडं बगत्यात. हितं मेंढरं बगत न्हाईत." आपण येथे स्वतःच्या मर्जीने राहत आहोत, कोणी डांबून ठेवलेले नाही, असे त्यांनी हवालदारांना सांगितले व तसे लिहून घेतल्यावर त्याखाली सही केली. आत्याने आम्हाला चहा दिला. निघताना ते मला म्हणाले, "हाताला तेल लावत जा. चैतात सुपाऱ्या येतील."

आम्ही गाडीत बसलो तेव्हा ते मेंढरांकडे गेले होते. त्यांनी मेंढरांना हाळी दिली. गाडी चालू असल्याने ती मला ऐकू आली नाही. सगळी मेंढरे एकदम वळली, त्यावरून हाळी दिल्याचे समजले. मी हवालदारांना गाडी बंद करायला सांगितले. गाडी बंद केली. त्यानंतर त्यांनी हाळी दिली नाही.

संस्थेने तो व्हिडिओ माझ्या सांगण्यावरून काढून टाकला आहे. संस्थेविरुद्ध, समीक्षा मॅडमविरुद्ध किंवा भाऊसो मोटे यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मी जे दिले तेच त्यांनी दाखवले. वडील कशामुळे गेले ते माहीत नाही, असे मी पूर्वी लिहून दिले होते, ते चुकीचे समजावे.

प्रकरण बंद करण्यासाठी लिहून देतो की माझे वडील आप्पासो बाळू लेंगरे हे मिळून आले आहेत. ते घरी आलेले नाहीत.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. यातले काही गाळावे असे माझे म्हणणे नाही.

जबाब देणार
(सही)
पप्पू आप्पासो लेंगरे