गाणारा लांब गेला

"हॅलो?… हां, बोल अंजू… थांब थांब, शिट्टी होऊ दे… हं, झाली. जयभीम. काय गं, आज सकाळीच? बरी आहेस ना?"

लताबाईंची लेक अंजली बंगळूरहून फोन करायची तो रविवारी संध्याकाळी. आज वार रविवारच होता, पण घड्याळात अकरा वाजले होते. वेळ मोडून आलेला फोन चांगला नसतो, हे लताबाईंचं पक्कं मत. त्यांनी गॅस बारीक केला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून घेतलं.

"…पप्पांचा मेसेज? कधी?… पहाटे सहाला? बघ, मला पत्ता नाही. काय लिहिलंय, वाच बरं… 'स्पीकर परत पाठवून दे, उगाच पडून आहेत, वाईट वाटून घेऊ नकोस'… एवढंच?… अगं रडतेस काय, वेडी! तुझ्या वस्तूत काही खोट नाही… आवडले ना, आवडले म्हणजे काय! आले त्या दिवशी अर्धी कॉलनी गोळा केली होती दाखवायला. सगळ्यांना चहा मी केला, मला विचार…"

खोटं नव्हतं ते. अंजलीचे पप्पा सहादू एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमध्ये टर्बाइनवर होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. पण नाशिक रोडला त्यांना नोकरीवरून कोणी ओळखत नसे. ओळखत ते गायन पार्टीचे सहादू म्हणून. जयंतीला, लग्नाला, गृहप्रवेशाला मुख्य गायक तेच, गेली चाळीस वर्षं. त्यांच्या सत्तरीला अंजलीने महिनाभर वाचून, दहा जणांचं डोकं खाऊन दोन लाकडी स्पीकर आणि नेटवरून गाणी ओढणारा एक छोटा डबा असा सरंजाम पाठवला होता. आता त्यालाच परतीचा रस्ता दाखवला म्हटल्यावर पोरीला रडू येणारच.

"…ते ना? गिरणीत गेलेत दळण घेऊन. आज गर्दी असते, वेळ लागेल. बोल तू मोकळेपणी… काय करू?… बरं, हॉलमध्ये जाते… आले. हं… कसा दिसतो म्हणजे? दिसत नाही. रुमाल आहे ना त्याच्यावर… मी विणलेला, मोरांचा. टीव्हीसाठी केलेला तो… समोरून पण, हो. पुढे मोर नको दिसायला?… अगं ओरडतेस काय एवढी! धूळ बसली असती… काढला बाई, काढला… आतलं प्लास्टिक पण? नव्या वस्तूचं?… बरं… हे बघ, आवाज येतोय ना सोलल्याचा? झालं समाधान?"

समाधान लताबाईंचं झालं नव्हतं. त्यांच्या घरात रिमोट तीन वर्षं पिशवीत राहतो आणि फ्रिजच्या हँडलला कपडे शिवलेले असतात. उघडाबोडका स्पीकर बघून त्यांना कसंतरीच झालं.

"…तेवढ्याने झालं असतं तर बरं होतं गं… काही नाही… काही नाही म्हटलं ना… अंजू, हे बघ, त्यांनी मला शपथ घातलीय… असू दे म्हणजे काय असू दे? तूच तर खोदून विचारतेस!"

लताबाईंच्या पोटात काही राहत नाही, असं सगळी कॉलनी म्हणते. ही गोष्ट मात्र त्यांनी गुरुवारपासून राखली होती. तीन दिवस म्हणजे त्यांच्या हिशेबात फार झाले.

"…सांगते, पण त्यांना कळू देऊ नकोस. पप्पांचे कान गेले गं… म्हणजे बहिरे नाही. बोललेलं कळतं. पण गाणं कळत नाही. आपली ती जुनी गाणी ऐकतात ना, तुझ्या आजोबांच्या काळातली, ज्यांच्यावर गायला शिकले ती… त्यात ढोलकी येते म्हणतात, पेटी येते, आणि गाणारा कुठेतरी लांब गेल्यासारखा. शेजारच्या घरातून गातोय असा… हो, तस्संच म्हणाले… अगं, काय करत होते माहितीये का? मी इकडे स्वयंपाकघरात गुणगुणते ना, त्यावरून ओळखायचे. ही गुणगुणायला लागली, म्हणजे कडवं सुरू झालं. महिनाभर असंच चाललंय… मला कुठे सांगितलं! गुरुवारी सांगितलं, चहा पिताना. कप खाली ठेवला आणि म्हणाले, लता, टर्बाइनने माझे कान खाल्ले, आता कळतंय…"

नवऱ्याला रडताना लताबाईंनी दोनदाच पाहिलं होतं. गुरुवारी ते रडले नाहीत, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं.

"…डॉक्टरकडे? मी नाही का सांगून पाहिलं! नको म्हणतात. कानाला मशीन लावून गाणारा कोणी बघितलाय का, म्हणतात… आणि आज तालीम आहे ना संध्याकाळी, विहारात. जयंतीला पंधरा दिवस राहिले. शेखरभाऊंना फोन करून सांगितलं त्यांनी, माझ्या जागी दुसरा बघा, मला सूर सापडत नाही… हो, शेखर ढोलकीवाले, तेच. आज संध्याकाळी ते दुसऱ्याचं नाव ठरवणार… नाही अंजू, मी शांतच आहे. रडत कुठेय, कांद्याने डोळ्यांत पाणी आलंय… हो, कांदा चिरलाच नाही अजून. बरं, रडतेय. झालं?"

पलीकडे अंजलीनेही नाक पुसलं. मग इंजिनियर पोरीने आईला एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली, डॉक्टर विचारतात तसे.

"…सगळ्याच गाण्यांना? नाही. नवी येतात ऐकू. बातम्या पण येतात. जुनीच तेवढी गेली… मी विचारलं होतं ना, तर म्हणाले नव्या गाण्यांत ओरडतातच एवढे, मेलेला उठेल… त्यात काय विचित्र?… त्यांचा मोबाइल? आहे, इथेच चार्जिंगला. उघडला. ते गाण्याचं… हं… सेटिंग… क्वालिटी… 'डेटा वाचवा' लिहिलंय, हिरवं झालंय… त्यांनीच केलं असेल. नेट संपतं म्हणून ते पंख्याचा वेगसुद्धा कमी करतात… वायफायला फरक पडत नाही? मग सांगायचं ना आधी!… कुठे दाबू?… सगळ्यात वरचं. केलं. आता जुनं एक लावू? थांब, त्यांचं आवडतं आहे वर…"

पेटी वाजली. ढोलकीने तोंड उघडलं. रुमाल निघाला होता, प्लास्टिक निघालं होतं, आवाज कसा मोकळा, अंगावर येणारा. लताबाई नकळत मान डोलवू लागल्या आणि मग डोलवता डोलवता थांबल्या.

"…अंजू… अगं अंजू, माझेपण गेले!… कान! गाणारा नाहीये गं! ढोलकी आहे, पेटी आहे, आणि तो बिचारा लांब कुठेतरी… नाही ना येत! शपथ! मला आता काय धाड भरली? मी तर टर्बाइनवर नव्हते!… हसू नकोस… पूर्वी कसं यायचं म्हणजे? मला रोज येतो की गाणारा. चांगला खणखणीत. ढोलकीच नसते. मला वाटलं नेटवर बिनढोलकीची मिळतात… हॉलमध्ये मी कुठे ऐकते? त्यांची गाण्याची वेळ म्हणजे माझी भाकरीची वेळ. मी माझ्यावर ऐकते… माझ्यावर म्हणजे माझ्या स्पीकरवर… किचनमधल्या!"

आता पलीकडे असा काही आवाज झाला, की लताबाईंनी फोन कानापासून वीतभर लांब धरला.

"…हो, किचनमध्येच. डब्यांच्या फळीवर… ओरडू नको, सांगते. तू दोन पाठवलेस ना? मग एक त्यांचा, एक माझा. ते म्हणाले, तू तिकडे एकटी चुलीशी मरायची आणि मी इकडे गाणी ऐकायची, असं नाही चालणार… वायर? ती त्यांनी आणली ना, वीस मीटर. दाराच्या चौकटीवरून नेलीय, क्लिपा ठोकून, एका रेषेत. पेंटरला दिसणार नाही अशी. दोन दिवस लागले… अगं, डब्याच्या मागे दोन जागा होत्या वायरीच्या. दोन जागा म्हणजे दोन खोल्या, असंच करतात ना? पॉवर हाऊसवाला माणूस आहे तो. एक लाइन तुझ्याकडे, एक माझ्याकडे… बरोबर नाही?"

मग अंजलीने समजावून सांगितलं आणि लताबाई 'हं… हं…' करत ऐकत राहिल्या. अशा स्पीकरना वाटून घ्यायचं नसतं. गाणं अर्धं एकाकडून येतं, अर्धं दुसऱ्याकडून, आणि दोन्ही मिळून पुरं होतं. त्यातून त्यांची ती फार जुनी रेकॉर्डिंग अशीच होती, गाणारा एका अंगाला आणि वाद्यं दुसऱ्या अंगाला. सहादूंनी सगळी वाद्यं स्वतःकडे ठेवली होती आणि गाणारा उचलून बायकोला देऊन टाकला होता.

"…म्हणजे कान… कान शाबूत आहेत? अंजू, नीट सांग, खोटं बोलू नको माझ्याशी… शेजारच्या घरातून गातोय म्हणाले, ते… खरंच लांब होता तो! भिंतीपलीकडे होता गं!… अगं बाई… मी ऐकत होते रोज, आणि हा माणूस इकडे…"

लताबाई सोफ्यावर बसल्या. त्यांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. महिनाभर नवरा-बायको एकच गाणं ऐकत होते, अर्धं अर्धं, आणि दोघांनी एकमेकांना चकार शब्दाने विचारलं नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

"…आले, आले. ठेवू नको फोन… अहो, तो डबा ठेवा खाली. पीठ राहू द्या. इकडे या… अंजू आहे… सांगितलं मी तिला, हो, मोडली शपथ, काय करायचं ते करा! तुमचे कान नाही गेले, तुमची अक्कल गेलीय… अंजू, सांगतेय ना त्यांना, थांब… अहो, माझा स्पीकर काढून आणा किचनमधून… आणा म्हणते ना!… अंजू, नाही म्हणतात… म्हणतात तुझ्या आईला मग काय राहिलं… अहो, मला तुम्ही राहिलात! आणा तो!"

सहादूंनी आधी बायकोकडे पाहिलं, मग चौकटीवरच्या वायरीकडे. एवढं सरळ काम पुन्हा उपटायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, हे लताबाईंना दिसत होतं. तरी ते आत गेले. एकेक क्लिप निघाल्याचा टकटक आवाज येऊ लागला.

"…काढतायत. तोंड पाडून… हं, आणला. आता कुठे?… भिंतीला चिकटवू नका म्हणते, हातभर पुढे… कोपऱ्यात नको… आणि दोन्हींमध्ये अंतर, सहा फूट… अहो, तुमच्या त्या पावलांनी मोजा… उंची कानाएवढी. स्टूल चालेल?… एक स्टूल, एक पाटाखाली डबा… तांदळाचा आहे, चालेल ना? भरलेला आहे, हलणार नाही… खुर्ची मध्ये. दोन्हींपासून सारखी… बसा. अहो बसा, उभ्याने काय ऐकता… बसले. लावते पहिल्यापासून…"

पेटी आली, ढोलकी आली. आणि मग दुसऱ्या अंगाने, महिनाभर भिंतीपलीकडे असलेला गाणारा त्याच खोलीत आला. श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला. लताबाईंनी फोन पोटाशी धरला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"…आहेस का? हो, आहे… हळू बोलतेय… बसलेत. डोळे मिटलेत… हात मांडीवर चाललाय, ठेका धरलाय… अंजू, रडतायत गं. इतक्या वर्षांत… चांगलं रडतायत, तसं नाही… थांब, काहीतरी म्हणतायत… काय?… म्हणतात गाणाऱ्याने दुसऱ्या कडव्यात सूर वर नेलाय, त्यांना महिनाभर आठवतच नव्हता कसा नेतो… गातायत! अंजू, बारीक आवाजात, ऐक… धरते फोन… ऐकलंस?… लागला ना सूर? मला काय कळतं, तू सांग… लागला? शाब्बास!"

लताबाईंना इतकं भरून आलं, की त्यांनी स्पीकरवरूनच हात फिरवला, पोरीच्या पाठीवरून फिरवावा तसा. कुकरमधली डाळ आता नक्की करपली असणार, पण आज डाळ करपायला परवानगी होती.

"…मी? मी बसेन ना इथेच. भाजी इथे निवडीन, भाकरीला गाणं कशाला लागतं… परत? कोण पाठवतंय परत! दारातून हलवून दाखव म्हणावं कोणी… डॉक्टरकडे पण नेईन, हो, सत्तर झालीत, एकदा तपासून घेऊ. आता येतील… हां, हां… काय हो?… अंजू, एक मिनिट… माझा? कशाला?… अगं, ठेवते मी. त्यांना माझा फोन हवाय… शेखरभाऊंना लावायचाय, दुसऱ्याचं नाव ठरवायच्या आत… त्यांच्यावरून का नाही? त्यांच्या मोबाइलवर गाणं चाललंय ना. ते बंद करायला तयार नाहीत… हो गं… हात पुढे करून उभेत बघ… देते, अहो देते, तिला अच्छा तरी म्हणू द्या…"