आजींच्या पाठोपाठ

(पळणाऱ्यांच्या क्लबची कपडे बदलायची खोली. बाहेर बक्षीस देऊन झालं आहे.)

मेहुणा : दम खा जरा, दाजी. बूट नंतर काढा.

दाजी : घड्याळ बिघडलंय तुझं.

मेहुणा : घड्याळ ठणठणीत आहे.

ताई : मला कुणी नीट सांगेल का? त्या काठीवाल्या आजी सुटल्या, पाठोपाठ हे. बाकीचे कितीतरी वेळाने. तरी हे शेवटून दुसरे?

मेहुणा : आमची रीतच तशी, ताई. जो संथ, तो आधी सुटतो. वेगवान गडी सगळ्यात शेवटी. मागच्या शर्यती बघून कुणाला किती सूट द्यायची ते मी ठरवतो. दाजी एके काळी शेवटी सुटून पहिले यायचे.

ताई : मग आज?

मेहुणा : सांगू, दाजी? वर्षभर हे मुद्दाम रेंगाळले. चढावर पोट धरायचं, वळणावर बुटाची नाडी बांधायची. सूट वाढवून घ्यायची आणि आज तुझ्यासमोर चषक उचलायचा.

ताई : म्हणून एवढा आग्रह होय. मी कधी आले नव्हते ती.

दाजी : तुला माहीत होतं?

मेहुणा : पहिल्याच दिवसापासून. नाटक तरी धड करायचं.

दाजी : मग सूट का देत गेलास?

मेहुणा : म्हटलं, बघू. पुढे पुढे तुम्ही नाडी बांधायचं सोडलंत, पोटही धरेनात. तरी पळायला लागणारा वेळ वाढतच गेला. तुम्हाला वाटत होतं, अजून नाटकच चाललंय.

दाजी : आज मी जीव तोडून पळालो रे.

मेहुणा : दिसलं ना. सूट थोडी कमीच पडली.

दाजी : एका शब्दाने बोलला असतास तर तिला आणलं नसतं मी.

मेहुणा : लहानपणी मला पुढे सोडायचात, मागून येऊन डोक्यात टपली मारून निघून जायचात. सगळं मैदान हसायचं. मी बोललो कधी काही?

ताई : पुरे झालं तुझं.

दाजी : पुढच्या शर्यतीत मला शेवटी सोड. सूट नको.

मेहुणा : ते नाही जमायचं. पुढच्या वेळी तुम्ही आजींच्या आधी.

दाजी : मी आजींना मागे टाकलं आज.

मेहुणा : त्या वळणावर थांबल्या होत्या, दाजी. तुम्ही पडताय की काय म्हणून.

ताई : चला घरी. हळू हं, इथे पायरी आहे.